आडात भरपूर आहे, पोहराच लहान पडतोय: जुन्या कॉम्प्युटरवर फास्ट इंटरनेट का येत नाही

प्लॅन बदलला, १०० चा ३०० एमबीपीएस झाला, नवीन राउटर बसला, मोबाईलवर सगळं सुसाट चाललंय, आणि घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर मात्र अजून तेच गोल फिरणारं चक्र बघत बसायचं. हा अनुभव सध्या खूप जणांना येतोय. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, त्यामुळे जुना कॉम्प्युटर ठेवायचा की काढायचा हा विषय तसाही निघालेलाच आहे, आणि या दोन गोष्टी एकत्र आल्या की जो तो एकच सल्ला देतो, नवीन घेऊन टाका. मला हा सल्ला पटत नाही. कधीकधी तो बरोबर असतोही, पण बहुतेक वेळा सल्ला देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने, दोघांनीही काहीच मोजून बघितलेलं नसतं.

आपल्याकडे म्हणतात ना, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. इथे उलटं झालंय, आडात पाणी तुडुंब आहे पण पोहरा लहान आहे. आणि पोहरा एकच असता तर प्रश्न सोपा होता, इथे चार-पाच आहेत, एकातलं दुसऱ्यात ओतत ओतत पाणी तुमच्यापर्यंत येतं. त्यातला सगळ्यात लहान कुठला ते शोधायचं आणि तेवढाच बदलायचा. दुसरा कुठलाही मोठा केला तरी हातात येणारं पाणी तेवढंच राहणार.

## एमबीपीएस आणि एमबी, अर्धा गोंधळ इथेच आहे

प्लॅनचा स्पीड मेगाबिटमध्ये सांगतात, एमबीपीएस म्हणजे सेकंदाला इतके मेगाबिट, आणि फाईल डाउनलोड करताना ब्राउझर जो आकडा दाखवतो तो मेगाबाइटमध्ये असतो. ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणजे १०० एमबीपीएसच्या कनेक्शनवर डाउनलोड जास्तीत जास्त सेकंदाला १२.५ एमबी होणार, ३०० वर ३७.५ एमबी आणि १ जीबीपीएसवर १२५ एमबी. "३०० चा प्लॅन घेतला आणि ३५ च येतंय" अशी तक्रार करणाऱ्याला खरं तर जवळजवळ पूर्ण स्पीड मिळत असतो.

अजून एक शब्द लागेल, लेटन्सी. तुमच्या कॉम्प्युटरने काहीतरी मागितल्यापासून उत्तर यायला सुरुवात होईपर्यंत जो वेळ जातो तो म्हणजे लेटन्सी, स्पीड टेस्टमध्ये तो पिंग नावाने मिलिसेकंदात दिसतो. स्पीड म्हणजे रस्ता किती रुंद, लेटन्सी म्हणजे जायला-यायला किती वेळ. प्लॅन वाढवला की रस्ता रुंद होतो, पण दोन गावांमधलं अंतर काही कमी होत नाही. एक वेबपेज उघडायचं म्हणजे अशा डझनावारी छोट्या फेऱ्या माराव्या लागतात, म्हणून २०० चा ४०० केला तरी पेज दुप्पट फास्ट उघडत नाही. मोठी फाईल मात्र अर्ध्या वेळात उतरते, कारण तिथे रुंदीच कामाला येते.

## आधी मोजा, मग खर्च करा

राउटरपासून पुढचा प्रवास असा: केबल किंवा वायफाय, मग कॉम्प्युटरमधलं नेटवर्क कार्ड, मग प्रोसेसर आणि रॅम, मग डिस्क, आणि शेवटी ब्राउझर जो हे सगळं स्क्रीनवर मांडतो. लहान पोहरा यातला कुठलाही असू शकतो, पण तो ओळखायला अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ लागत नाही.

सुरुवात कॉम्प्युटरपासून करूच नका. एखादा त्यातल्या त्यात नवा मोबाईल घ्या, राउटरच्या जवळ उभं राहून ५ गिगाहर्ट्झच्या, म्हणजे जास्त वेगाच्या पट्ट्यातल्या, वायफायवर स्पीड टेस्ट करा. इथेच स्पीड कमी आला तर कॉम्प्युटर निर्दोष आहे, गडबड लाईनमध्ये किंवा राउटरमध्ये आहे, आणि कॉम्प्युटरवर कितीही पैसे घातले तरी काही होणार नाही. मोबाईलवर स्पीड नीट आला तर आता कॉम्प्युटर थेट राउटरला केबलने जोडा, वायफाय बंद करा, आणि तीच टेस्ट लावा. मग केबल काढून वायफायवर, जिथे कॉम्प्युटर रोज असतो त्याच जागेवरून. तीन आकडे कागदावर लिहा. प्रत्येक टेस्ट दोन-तीनदा करा आणि त्या वेळी घरात दुसरं कोणी काही डाउनलोड करत नाही ना ते बघा, नाहीतर आकड्यांना अर्थ राहत नाही.

आता हे आकडे वाचायचे कसे.

## केबलवर ९४ च्या आसपास अडकलंय?

हा आकडा इतका ओळखीचा आहे की तो दिसला की मी पुढचं काही विचारतच नाही. केबलवर ९३, ९४, ९५ असा स्पीड येतोय आणि कितीही वेळा टेस्ट केली तरी हलत नाही, म्हणजे कनेक्शन १०० एमबीपीएसच्या जुन्या मोडमध्ये चाललंय. केबलने नेटवर्क जोडण्याच्या पद्धतीला इथरनेट म्हणतात, त्यात १०० एमबीपीएसची पद्धत १९९५ मध्ये आली आणि तांब्याच्या साध्या केबलवर त्याच्या दहापट, म्हणजे गिगाबिट, १९९९ मध्ये. १०० मधले पाच-सहा एमबीपीएस डेटाच्या पाकिटांवरच्या पत्त्यांसारख्या जास्तीच्या माहितीत जातात, उरतात ते ९४.

याची कारणं तीन-चार असू शकतात आणि त्यातलं सगळ्यात स्वस्त कारण लोक सगळ्यात शेवटी तपासतात. नेटवर्कच्या केबलमध्ये आठ तारा असतात, चार जोड्या. १०० एमबीपीएसला दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. त्यामुळे उरलेल्या दोन जोड्यांमधली एक तार जरी तुटली किंवा कनेक्टरमध्ये नीट बसली नाही, तरी नेट बंद पडत नाही, दोन्ही बाजूंची उपकरणं गुपचूप १०० वर उतरतात आणि तिथेच राहतात. कुठेही एरर येत नाही, कोणी सांगत नाही.

माझ्या डेस्कटॉपचं हेच झालं होतं. दोन महिने मी ड्रायव्हर बदलत होतो, विंडोज परत टाकून बघितलं, कॉम्प्युटर जुना झालाय अशी घरच्यांची जवळजवळ खात्री पटली होती आणि माझीही. शेवटी मोबाईलची, केबलची अशी एक एक टेस्ट ओळीने केली तेव्हा ९४ दिसलं, कॉम्प्युटरचा पोर्ट तर गिगाबिटचा होता, मग केबल हाताने चाचपत गेलो तर दाराच्या फटीत ती चेपलेली होती, रोज दार लागायचं तिच्यावर. नवीन केबल लावली आणि त्याच मिनिटाला २९० च्या पुढे. म्हणून मी हे इतकं जीव तोडून सांगतोय.

विंडोजमध्ये बघायचं असेल तर सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेटमध्ये जाऊन इथरनेटच्या प्रॉपर्टीज उघडा, तिथे लिंक स्पीड, म्हणजे कॉम्प्युटर आणि राउटरने आपसात ठरवलेला वेग, दिसतो, १००/१०० आहे की १०००/१००० ते. १०० असेल तर आधी केबल बदलून बघा. केबलच्या अंगावर बारीक अक्षरात प्रकार छापलेला असतो, कॅट ५ई किंवा कॅट ६ असेल तर गिगाबिटला व्यवस्थित चालते आणि १०० मीटरपर्यंत काही अडचण नाही. घरासाठी यापेक्षा महागडी केबल घेण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. मग राउटरचा पोर्ट बघा, कारण काही साध्या राउटरवर वायफाय नवीन असतं आणि केबलचे पोर्ट मात्र १०० चेच असतात. नेटवर्क कार्डाच्या सेटिंगमध्ये स्पीड अँड डुप्लेक्स नावाची एक ओळ असते, ती ऑटो नेगोशिएशनवर आहे ना तेही बघून घ्या, कधीतरी कोणीतरी ती १०० वर ठेवून दिलेली असते.

हे सगळं ठीक असूनही १०० च दिसत असेल तर कॉम्प्युटरचाच पोर्ट जुना आहे. तेव्हाही कॉम्प्युटर बदलायची गरज नाही. डेस्कटॉपमध्ये बऱ्याचदा पीसीआय एक्सप्रेसचा, म्हणजे जास्तीचं कार्ड खोचायचा, रिकामा स्लॉट असतो त्यात गिगाबिट कार्ड बसतं, लॅपटॉपला यूएसबीमध्ये लावायचा गिगाबिट अ‍ॅडॅप्टर मिळतो. फक्त यूएसबी ३ चा पोर्ट हवा, बऱ्याचदा तो आतून निळा असतो. यूएसबी २ चा कागदावरचा वेग ४८० एमबीपीएस आहे पण प्रत्यक्षात ३०० च्या आसपासच दमतो. म्हणजे तुमचा प्लॅन २०० चा असेल तर यूएसबी २ वरसुद्धा काम भागेल, ५०० चा असेल तर नाही.

## वायफायवर मात्र गोष्ट वेगळी

जुन्या कॉम्प्युटरमध्ये सगळ्यात जास्त वेळा लहान पडणारा पोहरा हाच. वायफायच्या पिढ्या असतात, आणि २०१८ पासून त्यांना साधे आकडे मिळालेत, वायफाय ४, ५, ६ असे. २००९ मध्ये आलेली पिढी म्हणजे वायफाय ४, २०१३-१४ च्या सुमाराची ५, आणि त्यानंतरची ६. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या बऱ्याच स्वस्त लॅपटॉपमध्ये वायफाय ४ चं एकच अँटेना असलेलं कार्ड आहे, फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालणारं. त्याचा लिंक स्पीड नेहमीच्या सेटिंगला ७२ एमबीपीएस दिसतो, आणि वायफायमध्ये लिंक स्पीडच्या साधारण निम्मं ते साठ टक्केच हातात पडतं, कारण हवेत एका वेळी एकालाच बोलता येतं, बाकीच्यांनी थांबायचं. म्हणजे चाळीसेक एमबीपीएस. तुम्ही ३०० घ्या नाहीतर १००० घ्या, या लॅपटॉपला चाळीसच मिळणार.

शिवाय २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा म्हणजे गर्दीची गल्ली. त्यात एकमेकांना न घासणारे तीनच चॅनल आहेत, १, ६ आणि ११. आजूबाजूच्या सगळ्यांची वायफाय, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह ओव्हन, सगळे याच गल्लीत. ५ गिगाहर्ट्झला जागा भरपूर आहे, पण त्याला भिंती फारशा ओलांडता येत नाहीत. तेव्हा राउटर आणि कॉम्प्युटरमध्ये दोन जाड भिंती असतील तर नवीन कार्ड घालूनही निराशा होऊ शकते, तिथे आधी राउटरची जागा बदलून बघा, तो उंचावर आणि मोकळ्यावर ठेवा, कपाटात किंवा टीव्हीच्या मागे नको.

लॅपटॉपमधलं कार्ड बहुतेक वेळा बदलता येतं, खालचं झाकण काढलं की नखाएवढे दोन कनेक्टर आणि एक स्क्रू. पण विकत घेण्याआधी दोन-तीन गोष्टी बघाव्या लागतात. २०१३-१४ च्या आधीच्या लॅपटॉपांत मिनी पीसीआय एक्सप्रेस प्रकारचा स्लॉट असतो, नंतरच्यांत एम.२, आणि एकाचं कार्ड दुसऱ्यात थेट बसत नाही. इंटेलची एएक्स२०० आणि एएक्स२१० ही कार्डं सरळ एम.२ स्लॉटमध्ये चालतात, पण नावाने जवळपास तशीच असलेली एएक्स२०१ आणि एएक्स२११ फक्त इंटेलच्या ठराविक नव्या मशीनमध्ये चालतात, कारण त्या कार्डांचं अर्धं काम प्रोसेसरच्या बाजूला केलेलं असतं. एका आकड्याच्या फरकाने पैसे वाया जातात. काही जुन्या लॅपटॉपांच्या बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, ठराविक कार्डांचीच यादी असते, दुसरं कार्ड लावलं की मशीन सुरूच व्हायला नकार देतं, त्यामुळे आपल्या मॉडेलबद्दल आधी शोधून बघा. आणि हे सगळं झेपणारं नसेल तर यूएसबी ३ चा वायफाय अ‍ॅडॅप्टर घ्या, त्यातही नखाएवढा छोटा घेऊ नका, बाहेर अँटेना असलेला घ्या आणि शक्य झालं तर छोट्या वायरने कॉम्प्युटरपासून हातभर दूर ठेवा, कारण यूएसबी ३ चा स्वतःचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात त्रास देतो.

आणि कॉम्प्युटर टेबलावरून हलतच नसेल तर केबलच टाका. केबलला भिंतीचा, गर्दीचा, कशाचाच फरक पडत नाही.

## "स्पीड टेस्टला पूर्ण स्पीड येतोय, तरी साईट उघडत नाहीत"

ही तक्रार खरी आहे, आणि इथे इंटरनेटचा काहीच दोष नसतो. आजचं साधं वेबपेज दोन-अडीच एमबीचं सहज असतं. १०० एमबीपीएसवर ते उतरायला सेकंदाचा पाचवा भाग पुरतो. मग बाकीचे चार-पाच सेकंद जातात कुठे? ते जातात कॉम्प्युटरच्या आत. पेजसोबत आलेला जावास्क्रिप्टचा कोड वाचायचा, चालवायचा, चित्रं उलगडायची, मांडणी करायची, हे सगळं प्रोसेसर आणि रॅमचं काम.

रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा समजा आणि डिस्क म्हणजे माळा. हाताशी लागणारं सगळं ओट्यावर असलं की काम पटापट होतं. ओटा लहान असेल आणि सामान जास्त झालं, तर काही डबे माळ्यावर ठेवावे लागतात, मग लागले की स्टूल आणायचं, वर चढायचं, एक डबा खाली आणायचा आणि त्याची जागा करायला दुसरा वर न्यायचा. ४ जीबी रॅमच्या कॉम्प्युटरवर विंडोज १० आणि ब्राउझरचे आठ-दहा टॅब उघडले की नेमकं हेच सुरू होतं, दिवसभर स्टुलावर चढउतार.

आणि माळा जर जुन्या हार्ड डिस्कचा असेल तर प्रत्येक चढउतार महागात पडते. हार्ड डिस्कमध्ये खरोखरची तबकडी फिरते आणि तिच्यावर एक काटा इकडून तिकडे जातो, एका ठिकाणचा डेटा शोधायला साधारण १० मिलिसेकंद लागतात. एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नसतं, तिथे तेच काम साधारण ०.१ मिलिसेकंदात होतं. शंभरपट फरक. ब्राउझर तर सतत छोट्या छोट्या फाईली वाचत-लिहीत असतो, त्याला हा फरक प्रत्येक क्लिकला जाणवतो.

तपासायला कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्सवर जा आणि मग नेहमीसारखं काम करत त्या आलेखांकडे बघत राहा. डिस्क सारखी १०० टक्क्यांवर चिकटलेली, तर एसएसडी. मेमरी ८५-९० टक्क्यांच्या वर, तर रॅम. बऱ्याचदा दोन्ही एकदम दिसतात, कारण रॅम भरली म्हणूनच डिस्कवर धावपळ चाललेली असते. प्रोसेसर १०० वर असेल तर त्याचं पुढे सांगतो.

एकच गोष्ट करायची ऐपत असेल तर काय करायचं असं मला कोणी विचारलं तर मी एसएसडी सांगतो. साटा प्रकारची (साटा म्हणजे डिस्क जोडायचा नेहमीचा पोर्ट), अडीच इंची एसएसडी दहा-बारा वर्षं जुन्या जवळपास प्रत्येक डेस्कटॉप-लॅपटॉपमध्ये बसते. जुन्या मशीनचा पोर्ट साटा २ चा असेल तर ती निम्म्या वेगाने चालेल, तरी काळजी करू नका, कारण खरा फायदा त्या १० मिलिसेकंदांच्या ०.१ होण्यात आहे आणि तो तसाच मिळतो. फक्त डिस्क बदलण्याआधी फोटो, कागदपत्रं, सगळं दुसरीकडे कॉपी करून घ्या, आणि कॉपी झालेल्या फाईली उघडून बघा. हे वाक्य वाचून पुढे जाऊ नका, खरंच करा.

रॅम घेताना पिढी बघायची असते. २००७ नंतरच्या काळातली डीडीआर३ आणि २०१४ नंतरची डीडीआर४, दोघींच्या खाचा वेगळ्या जागी असतात, एक दुसरीच्या जागी बसतच नाही. लॅपटॉपची पट्टी आखूड असते, तीही वेगळी. आणि एक बारकावा, विंडोज ३२-बिटचं असेल तर ते ४ जीबीच्या वर रॅम वापरूच शकत नाही, प्रत्यक्षात तीन-साडेतीनच वापरतं, तेव्हा आधी सेटिंग्जमध्ये सिस्टीमखाली अबाउटमध्ये बघा आणि ३२ असेल तर ६४-बिट नव्याने टाकावं लागेल. ८ जीबी घरच्या वापराला पुरते.

## व्हिडिओच तेवढा अडकतो, बाकी ठीक आहे

व्हिडिओ दाबून, घडी करून पाठवलेला असतो, आणि तुमचा कॉम्प्युटर ती घडी उलगडून दाखवतो. घडी घालण्याच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. २००३ चा एच.२६४ जवळजवळ सगळ्या कॉम्प्युटरांना येतो, तो उलगडायला चिपमध्ये वेगळी जागाच ठेवलेली असते. पण नंतर व्हीपी९ आला २०१३ मध्ये आणि एव्ही१ आला २०१८ मध्ये, यांच्या घड्या जास्त घट्ट, डेटा कमी लागतो, पण उलगडायला मेहनत जास्त. जुन्या चिपला या घड्या येत नाहीत, मग सगळा भार प्रोसेसरवर पडतो, पंखा ओरडायला लागतो आणि चित्र तुटतं.

यूट्यूबवर व्हिडिओवर राईट क्लिक करून स्टॅट्स फॉर नर्ड्स उघडलं की कोडेक दिसतो आणि किती फ्रेम गळल्या तोही आकडा दिसतो. बफर, म्हणजे पुढचा आधीच उतरवून ठेवलेला व्हिडिओ, भरलेलं आहे, कनेक्शनचा स्पीड भरपूर दाखवतोय आणि तरी फ्रेम गळतायत, म्हणजे नेट निर्दोष. ब्राउझरला एच.२६४ च माग असं सांगणारी छोटी एक्स्टेंशन मिळतात, त्यांनी जुन्या मशीनवर लगेच फरक पडतो, फक्त यूट्यूबवर मग १०८०पीच्या वर जाता येत नाही. बहुतेक जुन्या मॉनिटरना तसंही त्याच्या वरचं दाखवता येत नाही.

## प्रोसेसर बदलू का? डीएनएस बदलू का? स्पीड वाढवणारं सॉफ्टवेअर टाकू का?

प्रोसेसर सहसा नाही. लॅपटॉपमध्ये तो बदलता येत नाही म्हटलं तरी चालेल, आणि डेस्कटॉपमध्ये मदरबोर्डला, म्हणजे सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य बोर्डाला, चालणारा त्याच काळातला जुनाच मिळतो. एक अपवाद, कामासाठी व्हीपीएन वापरत असाल तर. व्हीपीएन म्हणजे सगळा डेटा कुलूपबंद करून पाठवणं, आणि हे कुलूप लावायची खास सोय इंटेलच्या प्रोसेसरमध्ये २०१० पासून यायला लागली, तीही सुरुवातीला सगळ्या मॉडेलांत नव्हती. ज्यात ती नाही तिथे व्हीपीएन सुरू केलं की स्पीड धाडकन पडतो.

डीएनएस म्हणजे साईटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी फोन डिरेक्टरी. ती बदलून पत्ता थोडा लवकर सापडू शकतो, डाउनलोडचा स्पीड वाढत नाही. आणि "एका क्लिकवर इंटरनेट दुप्पट" वाली सॉफ्टवेअर टाकू नका. वायरमधून जेवढं येतंय त्याच्यापेक्षा जास्त कुठलंही सॉफ्टवेअर आणू शकत नाही, उलट ते स्वतः रॅम खातं आणि सोबत नको ते पाहुणे आणतं. त्यापेक्षा सुरुवातीला आपोआप चालू होणारे प्रोग्रॅम टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपमध्ये जाऊन बंद करा, एकाच वेळी दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढा, ब्राउझरमधली न वापरलेली एक्स्टेंशन काढा.

## पण विंडोज १० तर संपलं, मग यात पैसे कशाला घालायचे?

हा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे. सपोर्ट संपला म्हणजे कॉम्प्युटर बंद पडला असं नाही, पण सुरक्षेचे अपडेट येणं थांबलं, आणि नेटला जोडलेल्या मशीनला ते लागतात. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा सुरक्षा अपडेटची सोय ठेवलेली आहे, त्यासाठी नाव नोंदवावं लागतं. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप किंवा सोय लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर, म्हणजे २०१७ च्या आधीची बहुतेक मशीन बाहेर.

पण तुमचं काम ब्राउझर, मेल, व्हिडिओ कॉल आणि थोडंफार लिखाण एवढंच असेल तर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी टाकायची मोफत सिस्टीम, हा खराखुरा पर्याय आहे. लिनक्स मिंट या तिच्या एका प्रकाराची एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती ४ जीबी रॅमवर नीट चालते, अपडेट येत राहतात, आणि पेनड्राईव्हवरून डिस्कला हात न लावता चालवून बघता येते, वायफाय, आवाज, प्रिंटर चालतात का ते आधी बघा आणि मगच टाका. बँकेचं किंवा ऑफिसचं एखादं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवरच चालत असेल तर मात्र हा रस्ता बंद, तिथे ओढाताण करू नका.

आता नवीन घ्यायची वेळ खरंच कधी येते? रॅम मदरबोर्डला चिकटवलेली आहे आणि ती २ जीबीच आहे, किंवा प्रोसेसर साधं एक पेज उघडतानाही १०० टक्क्यांवर जातोय, किंवा केबल, एसएसडी, रॅम सगळं बदलून झालं आणि तरी काम अडतंय. अशा वेळी थांबा, जुन्या मशीनवर आणखी खर्च नको. घेतलेली एसएसडी वाया जात नाही, ती यूएसबीच्या खोक्यात घालून बॅकअपला वापरता येते.

## आणि एवढा स्पीड तुम्हाला लागतो का

हे खरं तर सगळ्यात आधी विचारायला हवं होतं. नेटफ्लिक्स स्वतः ४के साठी १५ एमबीपीएस आणि १०८०पी साठी ५ एमबीपीएस सांगतं. व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएसमध्ये काम भागतं, फक्त ते अपलोडलाही लागतात, आणि तो आकडा प्लॅनमध्ये वेगळा बघावा लागतो. चार जणांच्या घरात तिघे ४के बघतायत आणि चौथा मीटिंगमध्ये आहे असं धरलं तरी पन्नास पुरे होतात. जास्त स्पीड कामाला येतो तो मोठ्या फाईली, गेम, फोटोंचा बॅकअप अशा वेळी. आणि १ जीबीपीएसचा विचार असेल तर हेही लक्षात घ्या, त्यातून सेकंदाला १२५ एमबी येऊ शकतात आणि लॅपटॉपमधली जुनी हार्ड डिस्क सलग लिहितानाही सहसा १०० च्या आतच असते, म्हणजे आलेलं ठेवायलाच तिला जमत नाही.

माझा तो डेस्कटॉप अजून चालतो. केबल बदलली, चार महिन्यांनी एसएसडी टाकली, रॅम ४ ची ८ केली, प्रोसेसर तोच. ३०० चा प्लॅन पुढच्या वेळी १५० वर आणला, आणि घरात अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही.